न फसफसलेला खडू

नळी पिवळीधमक झाली आणि बाईंच्या हातातला ड्रॉपर तसाच थांबला.

नळीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. 'खडूची पूड. घरून.'

खडू पिवळा होत नाही. काय वाटेल ते करा, जन्मात होत नाही. बाई तो प्रयोग इतकी वर्षं करवून घेत होत्या की मुलं त्यांना पाठीमागे 'पिवळ्या बाई' म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. नववीच्या मुलांनी घरातून चिमूटभर काहीही आणायचं. बेकिंग पावडर, कपडे धुण्याची पावडर, कुंडीतलं खत, अंड्याची टरफलं. ते आम्लात विरघळवायचं, गाळायचं, वर मॉलिब्डेटचा द्राव घालून कोमट करायचं. फॉस्फेट असेल तर हळदीसारखा पिवळा साका बसतो. नसेल तर नळी धुवा आणि घरी जा.

टरफलं फसफसली होती, पण पिवळी झाली नव्हती. खत फसफसलं नव्हतं, पण पिवळं झालं होतं. सगळं जिथल्या तिथं. आणि हा खडू! आम्ल घातल्यावर फसफसायचं सोडून मुकाट विरघळला, आणि वर पिवळा झाला.

नळीशेजारी ती आणणारी मुलगी उभी होती. हिला घरी-शाळेत सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसेल तर शपथ. आज मात्र ती खांबासारखी उभी होती.

"बाई, अजून थोडं आम्ल घालू का?"

"किती वेळा विचारशील? आम्ल म्हणजे काय सरबत आहे?" बाईंनी नळी उजेडात धरली. "ही पूड कुठून आणलीस?"

"घरून. कपाटावरच्या डब्यातून."

"तुमच्या घरी खडू कशाला?"

"बाबांची लॉन्ड्री आहे. तेलाचा डाग असला की त्यावर भुरभुरवतात. तेल ओढून घेतो तो."

"मग डबा दुकानात हवा. घरी कपाटावर कशाला चढवून ठेवलाय?"

भिंगरीनं खांदे उडवले. "बाबा म्हणतात, त्याला हात लावायचा नाही."

"म्हणून तू लावलास."

"हो."

इतकं सरळ उत्तर बाईंनी अपेक्षिलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी सोडवून नाकाशी धरली. कागदाला आंबूस वास होता, व्हिनेगरसारखा. नववीच्या मुलांच्या दप्तरात काय काय सांडतं, देव जाणे.

"आई ओरडणार नाही का?"

"आई इथं नसते. लांब नोकरीला गेलीये." मुलीनं दप्तरातून फोन काढला. "तिचे निरोप येतात. ऐकता?"

शाळेत फोन आणायची बंदी होती. बाईंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात फोनमधून एक दमलेला, हसरा आवाज बाहेर पडला.

'भिंगरे, जेवलीस का गं? केस बांधत जा, झिंज्या सोडून फिरू नकोस. माझं मनगट आज ठणकतंय. आत ती धातूची पट्टी बसवल्यापासून थंडी पडली की हे असंच. बरं, अभ्यास कर हं.' मागे कुठेतरी फुस्स्स असा लांब आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला.

"हा कधी आला?"

"या महिन्यात. आधी दर रविवारी यायचे. आता कधीतरीच."

"फोनवर बोलत नाही ती?"

"तिथं नीट लागत नाही म्हणे." भिंगरीनं फोन आत टाकला. मग तिनं टेबलावरची कागदाची पुडी उचलली. पुडीबाहेर सांडलेली कणभर पूडही तिनं हाताच्या कडेनं गोळा करून आत सारली. "उरलेलं मी परत नेते, बाई. आणि नळीतलं ओतू नका हं. ठेवाल ना?"

बाकीची मुलं आपापल्या नळ्या खळाखळा बेसिनमध्ये रिकाम्या करत होती.

"ठेवते," बाई म्हणाल्या. का ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

शाळा सुटल्यावर बाईंनी प्रयोगशाळेला आतून कडी घातली. पिवळ्या नळीसाठी पूड ज्या वाटीतून घेतली होती तिच्या तळाशी थोडी शिल्लक होती. ती त्यांनी चमच्यावर घेऊन ज्योतीवर धरली. कुंडीतलं हाडांचं खत असतं तर काळं पडलं असतं आणि केस जळल्याची दुर्गंधी सुटली असती. पूड पांढरी ती पांढरीच राहिली. वास नाही, धूर नाही. म्हणजे जे काही जळायचं होतं ते आधीच जळून गेलं होतं.

एक कण जरा मोठा होता. बाईंनी तो भिंगाखाली सरकवला. कणाला बारीक बारीक भोकं होती, पावाच्या तुकड्याला असतात तशी.

बाई खुर्चीत बसल्या. घरातला फॉस्फरस शोधा, असं त्यांनीच मुलांना सांगितलं होतं. माणसाच्या घरात सगळ्यात जास्त फॉस्फरस कशात असतो, हेही त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं. हाडात.

जळालेलं हाड. आई नोकरीला. डब्याला हात लावायचा नाही.

त्यांनी फोन उचलला.

फौजदार एके काळी बाईंचाच विद्यार्थी होता. त्याच्या वर्षी शाळेनं बीकरचं नवं खोकं मागवलं होतं, ते निव्वळ त्याच्या कृपेनं.

"काचफोड्या, कामात आहेस?"

"बाई, मी आता फौजदार आहे," पलीकडचा आवाज केविलवाणा झाला. "चौकीत चार माणसं बसलीत समोर."

"मग त्यांना बाहेर बसव. मला सांग, जळालेलं हाड माणसाचं की जनावराचं, हे ओळखता येतं?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"तुमच्या पिवळ्या रंगावरून?"

"नाही. रंग फक्त हाड आहे म्हणतो, कुणाचं ते सांगत नाही. म्हणून तर तुला फोन केला, नाहीतर मला काय हौस आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं लॉन्ड्रीत शिरले. दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींना प्लास्टिकच्या पिशव्यांतले कोट आणि साड्या टांगलेल्या, गल्ल्यामागे घड्या घातलेल्या शर्टांच्या थप्प्या. कोपऱ्यात एक नवी, चकचकीत इस्त्री होती. आवाज करत नव्हती.

दुकानदार उंच होता, पण कुणीतरी खांद्यावर ओझं दिल्यासारखा वाकलेला. शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली.

बाईंनी पदराचं टोक पुढे केलं. "तेलाचा डाग आहे. जाईल?"

"जाईल की." त्यानं गल्ल्यावरचा डबा ओढला आणि डागावर पांढरी पूड भुरभुरवली.

"खडू?"

"हो, बाई."

शेजारीच बशी आणि व्हिनेगरची बाटली होती. घामाच्या डागांना लॉन्ड्रीवाले तेच वापरतात. बाईंनी बशीत चिमूटभर खडू टाकला आणि वर व्हिनेगरची धार सोडली. बशी फसफसून वर आली.

"छान फसफसतो," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीनं घरून आणलेला खडू फसफसत नाही."

त्या माणसाच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गडगडत दारापर्यंत गेलं.

फौजदार पुढे झाला. "बायको कुठं असते तुमची?"

"परगावी. नोकरीला."

"कसली नोकरी?"

"पापडाच्या कारखान्यात."

"शेवटची भेट कधी?"

"मी... मी जाऊन आलो. थंडीच्या आधी."

"मुलीला नेलं होतंत?"

"नाही."

"का?"

दुकानदार गल्ल्यावर सांडलेली पूड पुसू लागला.

"नंबर सांगा बायकोचा."

"तिथं लागत नाही, साहेब."

"सांगा तर."

त्यानं सांगितला. फौजदारानं तो लावला. क्षणभर काहीच झालं नाही. मग गल्ल्याखाली, इस्त्री केलेल्या शर्टांच्या थप्पीत, फोन वाजायला लागला.

तिघंही ऐकत राहिले. फोन वाजून वाजून बंद पडला.

फौजदारानं त्या माणसाचा दंड धरला. "चला. बाकीचं चौकीत बोलू."

"थांब, काचफोड्या," बाई म्हणाल्या. "धरायची नि फोडायची घाई तुला पहिल्यापासून. खून झालेला नाही."

"बाई! मेलेल्या बाईचा फोन याच्या गल्ल्यात, हाडं याच्या कपाटावर!"

"खून करणारा हाडं फेकून देतो. हा जपून ठेवतोय. आणि घरच्या आगीत हाड असं जळत नाही, आत काळं राहतं. हे कणाकणात पांढरं आहे, वर दळलेलंही. हे विद्युतदाहिनीचं काम, रीतसर." बाई दुकानदाराकडे वळल्या. "तुमची जुनी इस्त्री कुठाय?"

"जुनी?"

"वाफेची. फुस्स करणारी."

तो बघत राहिला. "विकली. गेल्या उन्हाळ्यात. रात्रंदिवस तिचा तो आवाज... मला सहन होईना."

"ऐकलंस?" बाई फौजदाराला म्हणाल्या. "काल पोरीनं मला या महिन्यात आलेला निरोप ऐकवला. त्यात इस्त्री वाजत होती. विकून मोकळे झाले ती इस्त्री, परगावच्या निरोपात! म्हणजे तो निरोप या महिन्याचा नाही आणि परगावचाही नाही. ती बाई इथं, याच दुकानात, इस्त्रीशेजारी बसून बोलली. उन्हाळ्याच्या आधी. आणि एक नाही, ढीगभर निरोप बोलून ठेवले. असं कोण करतं? ज्याला आपण जाणार हे ठाऊक असतं तो. आणि नवऱ्याच्या दुकानात बसून, नवऱ्याला ठाऊक असताना बोलली, म्हणजे तिला धास्ती त्याची नव्हती."

फौजदाराचा हात आपोआप सुटला.

दुकानदार स्टुलावर बसला. बसला कसला, कोसळलाच. गल्ल्याखालून त्यानं एक पत्र्याचा डबा काढला आणि मांडीवर घेतला.

"परवा कपाटावर डबा सरकलेला दिसला," तो म्हणाला. "तेव्हापासून बरोबर घेऊन येतो. घरी ठेवायची छाती होईना."

त्यानं झाकण उघडलं. पांढऱ्या पुडीवर एक इवलासा स्क्रू पडला होता. मनगटाच्या पट्टीचा. बाईंना कुणी सांगावं लागलं नाही. फौजदारानं टोपी काढली.

"पोटाचा आजार होता," दुकानदार सांगू लागला. "कळलं तेव्हा वेळ गेली होती. लांबच्या इस्पितळात जायचं ठरलं, तेव्हाच म्हणाली, भिंगरीला सांगायचं नाही. नोकरी लागली म्हणायचं. दहावीची परीक्षा होऊ दे, मग सांगा, आत्ता कळलं तर पोर उन्मळून पडेल. मी भांडलो. खूप भांडलो. पण मरणाऱ्या माणसाशी किती भांडणार? रोज दुपारी इथं बसायची आणि फोनमध्ये बोलायची. मला दुकानाबाहेर पिटाळायची. म्हणायची, तुम्ही ऐकलंत तर माझा आवाज फुटतो."

"म्हणजे तुम्ही..." बाई म्हणाल्या.

"एकही ऐकलेला नाही. दर रविवारी एक पाठवायचा, एवढंच सांगितलं होतं. तिकडंच गेली ती. मी एकटा जाऊन तिला डब्यात घेऊन आलो. आधी दर रविवारी पाठवले. मग लक्षात आलं की संपत आलेत. मग लांबवायला लागलो." त्यानं दोन्ही हातांनी डबा धरला. "आता एकच राहिलाय. तो पाठवला की ती खरंच गेली, बाई. दहावी अजून लांब आहे. मी काय करू?"

फौजदार भिंतीवरच्या कोटांकडे बघत होता.

"मग गुन्हेगार कोण म्हणायचं, बाई?" शेवटी त्यानं विचारलं.

"बेत रचणारी या डब्यात आहे. तिला कुठं नेतोस?" बाईंनी चष्मा पुसला. "पण माझा एक प्रश्न राहिलाच. डागांचा खडू इथं गल्ल्यावर उघडा पडलाय. पोर शाळेतून इथंच येत असणार. हातासरशी घेता आला असता. मग घरी जाऊन, स्टुलावर चढून, हात लावायचा नाही असा सांगितलेला डबाच का उघडला तिनं?"

"तिला काही माहीत नाही!" बाप जवळजवळ ओरडला. "पोर आहे ती! अजून आईला उत्तरं पाठवते!"

"बाबा."

टांगलेल्या साड्यांच्या पिशव्या बाजूला करून भिंगरी उभी होती. दप्तर पाठीलाच. मागच्या दारानं ती कधी आत आली होती कोण जाणे.

बाईंनी तिला हाताला धरून जवळ घेतलं नाही. वर्गात विचारत तसंच, पण हळू, त्यांनी विचारलं, "चिठ्ठीला व्हिनेगरचा वास होता. तू इथं आधीच करून बघितलं होतंस ना?"

मुलीनं मान हलवली.

"कधी कळलं?"

"इस्त्री विकली ना, त्याच्या पुढच्या निरोपात ती वाजली." आवाज अगदी सपाट होता. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. "आणि मी विचारलेल्या कशाचंच उत्तर आई द्यायची नाही. मी लिहिलं, मला ताप आलाय. तर पुढच्या निरोपात म्हणाली, पोहायला शिक. मग मला डबा आठवला. बाबा आईला भेटून आले त्या दिवसापासून तो कपाटावर आहे."

"भिंगरे..." बापाच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं.

"तुम्हीच शिकवलं होतंत, बाई. खडू असेल तर फसफसतो. म्हणून मी दोन्ही डब्यांतली पूड आणून बशीत घातली. दुकानातला फसफसला. डब्यातला नाही." ती थांबली. तिनं दप्तराचा पट्टा मुठीत धरला. "पण एक बुडबुडा आला होता. खरंच, बाई, एक आला होता! म्हणून मला वाटलं, व्हिनेगर जुनं असेल. पाणी घालतात त्यात बाबा. शाळेतलं आम्ल जहाल असतं. त्यात घातलं तर नीट फसफसेल. फसफसला असता तर तो खडू असता. आणि खडू असता तर आई असती."

अजून थोडं आम्ल घालू का, असं ती पुन्हा पुन्हा का विचारत होती, ते बाईंना आत्ता कळलं. आणि आपण सरबताचा विनोद केला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाडाच्या राखेतही खडूचा किंचित अंश असतो, म्हणून एखादा बुडबुडा येतो, हे त्यांना माहीत होतं. ते आत्ता सांगून काय उपयोग होता? त्या एका बुडबुड्यावर या पोरीनं आई जिवंत ठेवली होती.

"मला विचारायचंस तरी, बाळा," बाप म्हणाला. "एकदा विचारायचंस."

"निरोप पाठवायचा असला की तुम्ही मोरीत जाऊन नळ सोडायचात. बाहेर आलात की डोळे लाल. मी विचारलं असतं तर तुम्ही पाठवायचे बंद केले असते." तिनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "मग ती बोललीच नसती."

आता मात्र तो माणूस डबा पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडला. मुलगी पुढे आली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मोठं कोण आणि लहान कोण, तेच कळेना. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

बऱ्याच वेळानं मुलगी म्हणाली, "एक राहिलाय ना?"

"राहू दे तो. ठेवू आपण."

"नको. लावा. आपण दोघं ऐकू. बाईपण थांबू देत."

बापानं शर्टांच्या थप्पीतून फोन काढला. त्याची बोटं चालेनात, तेव्हा तिनंच तो घेतला आणि लावला.

फुस्स्स, असा तो ओळखीचा आवाज आला. मग आई म्हणाली, 'थांब हं, ही मेली इस्त्री बंद करते. आज नीट ऐकू येऊ दे.'

खटका वाजला. वाफेचा आवाज विरत गेला आणि तिचा श्वास ऐकू येऊ लागला.

'भिंगरे, हा शेवटचा. म्हणजे परीक्षा झाली असणार आणि तुला कळलं असणार. बाबांवर रागावू नकोस. ते नको म्हणत होते. हे खोटं माझं आहे, सगळं माझं. मला वाटलं, माझ्यावाचून तुझं एक वर्ष तरी कमी करावं. चुकले असेन तर माझ्याशी भांड, त्यांच्याशी नको. त्यांना एकट्याला ओझं उचलायला लावलं मी. आता त्यांच्याकडे बघ गं. ते जेवत नाहीत नीट.' मध्येच ती खोकली. 'आणि तू? जेवलीस का?'

पुढे काही नव्हतं.

आजवर भिंगरी प्रत्येक निरोपाला टाइप करून उत्तर द्यायची. आज तिनं फोन तोंडाजवळ नेला.

"नाही गं आई," ती म्हणाली. "बाबापण नाही जेवले."

मग तिनं बापाच्या मांडीवरचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि त्याला म्हणाली, "चला, घरी जाऊ."

फौजदारानं पुढे होऊन दुकानाचं शटर धरलं. ते दोघं रस्त्यावरून दिसेनासे होईपर्यंत त्यानं ते खाली ओढलं नाही. बाईंच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली, बूच लावलेली पिवळी नळी होती. पोरीला परत द्यायला म्हणून आणली होती. द्यायची राहून गेली.